डोंगराखालच्या गावाचा पावसाळा

डिंभे धरणाच्या जलाशयाच्या कडेकडेनं भीमाशंकरच्या बाजूला जाऊ लागलं, की डोंगर रस्त्याला चिकटत जातात. उतारावर भातखाचरं, खाचरांच्या वर झाडी, झाडीच्या वर कडा आणि या सगळ्याच्या खाली वाडी. याच भागात 30 जुलै 2014 च्या सकाळी माळीण गाव दरडीखाली गेलं. 44 घरं गाडली गेली, 151 माणसं गेली. बाहेर खबर पोहोचली ती एसटीच्या चालकामुळे. रोजच्या फेरीला तो आला आणि गावाच्या जागी त्याला चिखलाचा ढीग दिसला.

ही शेवटची गोष्ट आपण नीट लक्षात ठेवावी. मदतीची हाक गावातून बाहेर पोहोचलीच नव्हती. पुढे जी तयारी सांगणार आहे, तिच्यातली एक पायरी थेट इथूनच आलेली आहे.

आधी दरड कशी सुटते ते पाहू. आपल्या सह्याद्रीत खाली काळा कठीण कातळ असतो. त्याच्यावर झिजून भुसभुशीत झालेल्या खडकाचा, म्हणजे मुरमाचा थर, आणि सर्वांत वर माती. पावसाचं पाणी माती-मुरमातून खाली उतरतं आणि कातळापाशी अडतं. वरचा थर फुगतो, जड होतो. पाण्याच्या दाबानं मातीच्या कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि एका क्षणी तो थर कातळावरून घसरतो. ओघळीत उतरला की तो चिखल पाण्यासारखा धावतो. म्हणून घर कड्याच्या थेट खाली नसलं, तरी ओघळीच्या तोंडाशी असेल तर ते धोक्यातच असतं.

पाऊस आपल्याला नवा नाही, पण त्याची चाल बदलली आहे. हवा एका अंशानं तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये दाखवून दिलं, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात एकाच वेळी मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. आपल्याकडेही माळीणनंतर 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातलं तळीये गेलं, 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूरजवळची इरशाळवाडी गेली. तिन्ही घटना जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या आहेत. तोवर डोंगर महिनाभर पाणी पिऊन बसलेला असतो.

पहिली पायरी मे महिन्यात, जमीन कोरडी असताना उरकावी, ती म्हणजे शिवारफेरी. गावातले दोन-तीन जुने जाणते, गुरं राखणारी मुलं, पाण्याला आणि सरपणाला डोंगरात जाणाऱ्या बायका आणि पोलीस पाटील असे सगळे मिळून कड्याच्या पायथ्यापर्यंत चढून जावं. कुठली ओघळ कुणाच्या घरामागे उतरते, कुठे जुनी दरड पडली होती, कुठे यंदा भेग दिसते, हे बघत जावं. बायकांना विचारायला विसरू नये. कुठला झरा कधी फुटतो, कुठला आटतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

परत आल्यावर शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या भिंतीवर गावाचा नकाशा काढावा. घरं, ओघळी, झरे, विहिरी, रस्ता. ज्या घरांत अंथरुणाला खिळलेलं माणूस, गरोदर बाई किंवा तान्हं मूल आहे, त्या घरांवर खूण करावी. ही माहिती आशाताईंच्या वहीत असतेच. चूक होते ती नकाशा कागदावर काढून कपाटात ठेवला की. रोज येता-जाता दिसला, तरच तो रात्रीच्या अंधारात आठवतो.

दुसरी पायरी पाणी वाटेला लावण्याची. घरामागचे चर साफ करावेत. डोंगरातल्या भेगा चिकण मातीनं चोपून बुजवाव्यात आणि भेगेच्या वरच्या अंगाला चर काढून पाणी बाजूला वळवावं. आपल्या भागातली पडकई, म्हणजे सावडीनं, एकमेकांच्या श्रमानं उतारावर दगडी बांध घालून भातखाचरं तयार करण्याची रीत, पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेनं डिंभे परिसरातल्या महादेव कोळी कुटुंबांबरोबर ती पुढे नेली. हातानं रचलेल्या दगडी बांधाच्या फटींतून पाणी निथळतं. माळीणनंतर बऱ्याच जणांनी उतारावर यंत्रानं केलेल्या सपाटीकरणाकडे बोट दाखवलं. दरडीला एकच कारण नसतं, तरी यंत्रानं कापलेला उभा काप आणि त्याच्या खालचा सैल भराव पावसाळ्यात भरवशाचा नसतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. गावाच्या डोक्यावरच्या उतारावर जेसीबी लावण्याआधी भूवैज्ञानिकाचा, म्हणजे जमीन-खडकाच्या जाणकाराचा सल्ला घ्यावाच.

आता तिसरी पायरी. ही सर्वांत सोपी, आणि बहुतेक गावं हीच करत नाहीत. ती म्हणजे आपल्या गावचा पाऊस आपण मोजणं.

पावसाची सरकारी नोंद महसूल मंडळाच्या केंद्रावर होते. केंद्र एका खोऱ्यात आणि आपली वाडी डोंगराच्या दुसऱ्या कुशीत असेल, तर दोन्हीकडच्या पावसात मोठा फरक पडतो. मोजायला महाग यंत्र लागत नाही. तोंड आणि बूड सारख्याच रुंदीचं, सरळ भिंतीचं, सपाट तळाचं भांडं घ्यावं. ते घरापासून आणि झाडांपासून दूर, उघड्यावर, ओट्यावर किंवा दगडांच्या चौथऱ्यावर पक्कं बसवावं. रोज सकाळी साडेआठला पट्टी उभी बुडवून पाणी किती मिलिमीटर भरलं ते वहीत लिहावं आणि भांडं रिकामं करावं. हवामान खात्याचा दिवसही सकाळी साडेआठ ते साडेआठ असाच धरला जातो, त्यामुळे आपला आकडा त्यांच्या आकड्याशी ताडून बघता येतो.

चुका कुठे होतात ते सांगतो. बादली ठेवली तर ती वर रुंद आणि खाली अरुंद असते, माप खोटं येतं. भांडं पागोळीखाली ठेवलं, तर छपराचं पाणी त्यात पडतं. जमिनीवर ठेवलं, तर शिंतोडे उडतात. पाऊस जोराचा असेल तर दर तीन तासांनी मोजून, लिहून, भांडं रिकामं करावं आणि सकाळी बेरीज करावी. काम एकाकडेच दिलं तर तो माणूस बाजाराला मंचरला गेला की नोंद तुटते. दोन घरं ठरवावीत. शाळेची मुलं हे काम फार चोख करतात.

आकड्याचा अर्थ असा. 24 तासांत साधारण 65 ते 115 मिलिमीटर म्हणजे हवामान खात्याच्या भाषेत जोरदार पाऊस. 204 पर्यंत अति जोरदार आणि त्यापुढे अत्यंत जोरदार. माळीणमध्ये दरडीच्या आदल्या दिवशी सुमारे 108 मिलिमीटर पाऊस झाल्याची नोंद सांगितली जाते, आणि पाऊस पुढेही चालूच होता. म्हणजे त्या दिवसाचा आकडा एकटा पाहिला, तर तो तीन पायऱ्यांतल्या खालच्या पायरीवर होता! म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नये. वहीत तीन दिवसांच्या बेरजेचा वेगळा रकाना ठेवावा. 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे चार लाख लिटर पाणी, दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. तीन दिवस असेच गेले तर डोंगरानं किती ओझं घेतलं, हे मुलांना हिशेब करायला लावावं. तो आकडा ती विसरत नाहीत.

आकड्याबरोबर खुणाही बघाव्यात. झाड किंवा विजेचा खांब कलणं, दार-खिडकी अचानक अडकू लागणं, भिंतीला नवी तड जाणं, भलत्याच जागी झरा फुटणं, स्वच्छ झऱ्याचं पाणी गढूळ होणं. मोठी भेग असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना खुंट ठोकून दोन खुंटांमधलं अंतर रोज मोजावं. आणि धो-धो पाऊस चालू असताना ओढ्याचं पाणी एकाएकी कमी झालं, तर हायसं वाटून घेऊ नये. वर कुठेतरी दरडीनं पाणी अडलेलं असू शकतं. तेव्हा वही बघत बसू नये, उठून बाजूला निघावं.

चौथी पायरी निर्णयाची. गावं इथेच अडतात. अंगणात चिखल, गोठ्यात जनावरं, घरात चूल पेटलेली, आणि रात्री घर सोडून शाळेत झोपायला जायचं? चार वेळा गेलो आणि काहीच झालं नाही, तर पाचव्या वेळी कुणी जात नाही. म्हणून निर्णय त्या रात्रीवर सोडू नये. जूनच्या आधी ग्रामसभेत तहसील कार्यालयाच्या लोकांना बोलवून आकडा ठरवावा, की अमुक पाऊस झाला किंवा अमुक खूण दिसली, तर ओघळीखालच्या घरांनी दिवेलागणीच्या आत हलायचं. आकडा प्रत्येक गावाचा वेगळा असेल. माझं मत विचाराल, तर तो थोडा कमीच ठेवावा. फुकट गेलेल्या रात्रीचं नुकसान एवढंच, की झोप नीट लागत नाही.

हलण्याची जागा स्वतः ओघळीच्या तोंडाशी नाही ना, हेही तपासावं. शाळा गावात असते म्हणून ती सुरक्षित असतेच असं नाही. जनावरांची सोय आधी करावी, कारण गोठ्यात बैल अडकला असेल तर घरचा कर्ता पुरुष निघत नाही. दावी सोडून ठेवण्याचं काम कुणाचं, तेही ठरवावं. आधार कार्ड, सातबारा, पासबुक, औषधं, विजेरी आणि कोरडे कपडे एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दाराशी टांगावेत.

पाचवी पायरी म्हणजे माळीणनं शिकवलेली साखळी. शेजारच्या दोन गावांशी ठरवून घ्यावं, की इशाऱ्याच्या दिवसांत सकाळी सहा आणि रात्री नऊ वाजता एकमेकांना फोन करायचा. फोन आला नाही तर अर्धा तास वाट बघून त्या गावातल्या दुसऱ्या नंबरावर लावायचा. तोही लागला नाही, तर तालुक्याला कळवायचं. इथे न आलेला फोन हाच निरोप असतो. रेंज जाते, वीज जाते, त्यामुळे चार वेळा घाई फुकट जाईल. तरीही कळवावंच. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077, तातडीच्या मदतीचा 112, रुग्णवाहिकेचा 108. हे नकाशाच्याच भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावेत. गावात घंटा, शंख, थाळी, काहीही चालेल, पण धोक्याचा आवाज एकच असावा आणि तो दुसऱ्या कशासाठी वापरू नये.

दरड पडलीच, तर पहिले काही तास आपणच आपले असतो. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा पुण्याजवळचा तळ तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे. तिथून पावसात घाटरस्त्यानं इथवर यायला वेळ लागणारच. आधी स्वतः ढिगाऱ्यापासून बाजूला व्हावं, कारण पहिल्या दरडीमागून दुसरी येऊ शकते. एकानं वरच्या उतारावर नजर ठेवावी, बाकीच्यांनी हाका माराव्यात आणि मध्येमध्ये सगळ्यांनी गप्प राहून कान द्यावा. भिंतीवरच्या नकाशाचा फोटो चार जणांच्या फोनमध्ये असेल, तर चिखलाखाली कुणाचं घर कुठे होतं, हे बाहेरून आलेल्या पथकाला लगेच दाखवता येतं.

त्यानंतर पंचनामा, म्हणजे नुकसानीची सरकारी नोंद. पुढची सगळी मदत याच कागदावर चालते. घर, खाचर, बांध, गुरं यांचे फोटो मे महिन्यातच काढून ठेवावेत. नुकसानीनंतर त्याच जागेवरून पुन्हा फोटो काढावा. पंचनाम्याला स्वतः हजर राहून, वाचून मगच सही करावी. ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासोबत बचत गटातल्या एखाद्या शिकलेल्या बाईनं जावं. ई-पीक पाहणीत पिकाबरोबर झाडांचीही नोंद करावी. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी कुटुंबांचा हिरडा गेला आणि त्याच्या भरपाईसाठी लोकांना वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली. इथल्या घरांचा रोख पैसा हिरड्यातून येतो. कागदावर तो दिसला नाही, तर नुकसानही दिसत नाही.

घरं पुन्हा उभी करताना गावानं बघ्याची भूमिका घेऊ नये. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादमध्ये महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून घरोघर गेल्या. घर मजबूत कसं करायचं, अनुदान कसं मिळतं, हे त्यांनी समजावलं आणि गावाच्या अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत नेल्या. आपल्या बचत गटांनाही हे जमण्यासारखं आहे.

माळीणची उरलेली कुटुंबं पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. आमडे इथल्या नव्या गावठाणाचं लोकार्पण 2 एप्रिल 2017 ला झालं. पहिल्याच पावसात, जूनमध्ये, तिथला भराव खचला आणि रस्त्यांना भेगा पडल्या. माती भरून तयार केलेली जागा दाबून बसायला वेळ लागतो आणि पाण्याला वाट दिली नाही तर पाणी ती शोधतं. म्हणून नवी जागा दाखवली जाईल तेव्हा आपण तीन प्रश्न विचारावेत. भराव कुठे आहे, पाणी कुठून जाईल, आणि एक पावसाळा या जमिनीवरून गेला आहे का. उत्तरं ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावीत.

यातली बहुतेक कामं पैशाशिवाय होतात. सरळ भिंतीचं एक भांडं, एक पट्टी आणि एक वही आजच काढून ठेवा, आणि शेजारच्या गावातल्या दोघांचे फोन नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा.