चूक लपवू नका, वहीत लिहा

आमच्या अंतरवाली सराटीत (ता. अंबड, जि. जालना) बियाणे, दूध, दवाखाना, सारे मोटारसायकलवर. तिच्या सायलेन्सरमधून निळसर धूर निघू लागला, म्हणजे बहुधा रिंगा झिजलेल्या. पैसे वाचवावेत म्हणून मी अंगणातच इंजिन उघडले. पिस्टनची पिन काढताना तिचे लॉक, म्हणजे तारेची बारीक कडी, उडून खाली क्रँककेसमध्ये पडली. ती तशीच राहती तर इंजिनाचा चुराडा झाला असता. शेवटी पूर्ण इंजिन उतरवावे लागले आणि ऐन कापसाच्या लागवडीत चार दिवस पायपीट झाली!

तेव्हापासून वहीत टिपून ठेवले आहे:

१. पिस्टन काढण्यापूर्वी क्रँककेसचे तोंड स्वच्छ फडक्याने झाकावे.

२. लॉक व पॅकिंग जुने वापरू नये.

३. हेडचे नट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळावेत.

४. किक मारण्यापूर्वी इंजिन हाताने सावकाश फिरवावे. अडले तर जोर करू नये.

शेतकरी बंधूंनो, चुकीची लाज कसली? ती मुलाला सांगा, म्हणजे त्याचा हंगाम तरी वाया जाणार नाही.