केना ओळखा, आणि तो उभा आहे ती जमीनही

पावसाचा पहिला जोर ओसरला, आवण उपटून लावणीची धांदल सुरू झाली, की पालघर स्टेशनबाहेर आणि बोईसरच्या बाजारात रानभाज्यांचे वाटे मांडलेले दिसतात. वारली, कातकरी, मल्हार कोळी भगिनी पहाटेच रानातून भाजी खुडून आणतात. शेवळांचा हंगाम सरतो, टाकळा जून होऊ लागतो, आणि मग कुर्डू, कंटोळी यांच्याबरोबर केना येतो. वर्षावासाच्या तीनही महिन्यांत ही भाजी मिळते आणि ती पिकवायला कोणाला काही खर्च येत नाही.

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पोटासाठी आलेली आपली कुटुंबे मराठवाडा, खानदेश, विदर्भ अशी चहूकडची आहेत. केना त्यांना गावाकडूनच ठाऊक असतो. उत्तर प्रदेशातून आलेला शेजारी त्यालाच कनकौवा म्हणतो. त्यामुळे पुष्कळ घरांत बाजारातून वाटा न घेता बाई स्वतःच चाळीच्या मागे, रस्त्याच्या कडेला, नाल्याच्या काठी फिरून ओटीभर भाजी खुडून आणते. महागाईच्या दिवसांत यात काही गैर नाही. मात्र महिला मंडळाच्या बैठकीत दोन प्रश्न हमखास निघतात. निळ्या फुलाच्या इतक्या वेली दिसतात, त्यांतला खरा केना कोणता? आणि इथला केना खावा का? पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे तितके सोपे नाही.

प्रथम फूल पाहू. केन्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटून विरघळल्यासारखे होते. एका फुलाचे आयुष्य अर्ध्या दिवसाचे, म्हणून ओळखायचा तर तो सकाळीच पाहावा. पाकळ्या तीन. वरच्या दोन निळ्याभोर, उंदराच्या कानांसारख्या उभ्या. खालची तिसरी लहान, फिकट, पटकन नजरेत न भरणारी. मध्ये पिवळे ठिपके दिसतात. ते खरे परागकोश नव्हेत, नुसते दिखाऊ आहेत. या फुलात मध नसतो, तरी या पिवळेपणाला भुलून माशा नि लहान मधमाश्या येतात.

पण ओळखीची खरी खूण फुलात नाही, फुलाखालच्या हिरव्या खिशात आहे. केन्याच्या सगळ्या जातींत फुले एका दुमडलेल्या पानासारख्या खिशातून एकेक करून बाहेर येतात. खिसा दोन बोटांत दाबला तर चिकट पाण्याचा थेंब बाहेर येतो. लहान मुलांना हे दाखवावे, ती जन्मात विसरत नाहीत. खिसा नसेल तर तो केना नव्हे, एवढे एक वाक्य घरातल्या मुलीबाळींना पाठ करून द्यावे.

आता हा खिसा कसा आहे ते पाहिले की जात कळते. बाजारात येणारा आपला नेहमीचा केना घ्या. त्याचा खिसा चणेवाल्याच्या पुडीसारखा असतो, म्हणजे एका बाजूने कडा जुळून नरसाळे झालेला. असे दोन-तीन खिसे शेंड्याशी एकत्र दाटलेले असतात आणि त्यांना देठ जवळजवळ नसतोच. पान रुंद, अंडाकृती, तळाशी लहानसा देठ असलेले. पान खोडाला जिथे वेढा घालते, त्या वेढ्याच्या तोंडाशी तांबूस केस दिसतात. उन्हाकडे धरून पाहिले तर ते चटकन उठून दिसतात. वनस्पतिशास्त्रात याचे नाव कोमेलिना बेंगालेन्सिस.

दुसरी जात भातखाचराच्या बांधावर, ओहोळाकाठी, जिथे पायाखाली चिखल लागतो अशा जागी पसरते. तिचे पान अरुंद, भाल्याच्या पात्यासारखे. खिसा मात्र पुडी नसून चपातीची एकच घडी घालावी तसा, कडा तळापर्यंत मोकळ्या आणि टोक लांब निमुळते. तो लांबट देठावर एकेकटा येतो. ही कोमेलिना डिफ्युसा. जनावरे आवडीने खातात, आणि नुसत्या फुलाकडे पाहणारा तिला केनाच समजतो.

तिसरी जात वाळूची. केळवे, शिरगाव, चिंचणी अशा किनाऱ्याच्या गावी गेलात तर पुळणीच्या मागच्या रेताड जमिनीत तिचा शोध घ्यावा. पाने अरुंद, त्यांच्या कडा पापडाच्या कडेसारख्या लहरदार. खिसा लहान आणि मागे जुळलेला. हिला कोमेलिना फोर्स्काओली म्हणतात. डोंगराच्या बाजूला ओल्या सावलीत याहून जाडजूड जातीही असतात, पण भाजीच्या कामी आपला संबंध पहिल्या रुंद पानाच्या केन्याशीच.

याच कुळातल्या बिनखिशाच्या दोन वनस्पती फसवतात. एक मर्डेनिया: भाताच्या बांधावर गवतात मिसळलेली, पान गवतासारखे आणि फूल चिमुकले, जांभळट, तिन्ही पाकळ्या सारख्या. दुसरी सायनोटिसची मंडळी. यांच्या फुलात निळ्या-जांभळ्या केसांचा झुपका असतो, जणू पिंजलेला रंगीत कापूस. कातळावर वाढणारी लोकरीसारख्या पानांची नभाळी याच गटातली. दिसायला सुंदर आहेत, बघाव्यात आणि सोडून द्याव्यात.

ही नावे जड वाटतील, पण त्यांच्यामागे मौजेच्या हकिकती आहेत. मुंबई इलाख्यातल्या झाडापेडांचे मोठे पुस्तक १९०१ ते १९०८ या काळात थिओडोर कुक या आयरिश गृहस्थाने लिहिले. हा मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे, रेल्वेचा इंजिनियर. १८६० साली तो आपल्याच पश्चिम रेल्वेच्या पूर्वजाकडे, म्हणजे बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरीला लागला, आणि वसईच्या खाडीवरचा जुना लोखंडी पूल त्याने बांधला. पुढे तो पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. रोज सकाळी गाडीला लोंबकळत ती खाडी ओलांडणाऱ्या आमच्यासारख्या नोकरदाराला हा माणूस उगाच ओळखीचा वाटतो.

कोमेलिना हे नाव स्वीडनच्या लिनियसने ठेवले. हॉलंडात कोमेलिन घराण्यात तीन वनस्पतिशास्त्रज्ञ झाले. त्यांपैकी यान आणि त्याचा पुतण्या कास्पर नावारूपाला आले, तिसरा काही करून दाखवण्याआधीच वारला. म्हणून दोन मोठ्या पाकळ्या आणि एक फिकी, असे हे फूल त्या घराण्याला शोभते, असे लिनियसचे म्हणणे. यातल्या यान कोमेलिनने 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथाच्या काही खंडांना टिपा लिहिल्या होत्या. केरळातल्या वनस्पतींवरचा हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अॅमस्टरडॅममध्ये छापला गेला. कोचीनच्या डच अधिकाऱ्याने, व्हान ऱ्हेडेने, तो सिद्ध केला, पण त्यातले औषधी ज्ञान मुख्यतः इट्टी अच्युतन या वैद्याचे होते. अच्युतन एझवा जातीचा. सवर्ण त्या काळी या जातीचा विटाळ मानत. त्याच अच्युतनचा १६७५ सालचा स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या लिपीत लिहिलेला दाखला पहिल्या खंडात छापलेला आहे. फुलाला नाव कोमेलिनचे मिळाले, पण आम्हाला या हकिकतीत अच्युतन अधिक जवळचा वाटतो.

असो. केन्याची आणखी एक करामत जमिनीखाली आहे. रुंद पानाचा केना मुळासकट हलक्या हाताने उपटा. मुळांजवळ पांढरट दोऱ्यासारख्या फांद्या आणि त्यांवर मिटलेल्या पुड्या दिसतील. ती फुलेच आहेत, पण कधीही न उमलणारी. मातीच्या आत, वारा-किडा कशाचीही वाट न पाहता त्यांच्यात बी धरते. वरच्या बोंडात साधारण पाच बिया, खालच्या बोंडात तीन, आणि खालचे बी अधिक टपोरे. वर गुरांनी चरले, विळ्याने कापले, तरी खालची बेगमी शाबूत राहते. शिवाय खोडाच्या प्रत्येक पेराला मुळे फुटतात, त्यामुळे बेणून बांधावर फेकलेला केना पावसात पुन्हा धरतो. शेतकरी त्याच्यावर चिडतो तो उगाच नव्हे.

या चिवटपणामुळेच आमच्या दुसऱ्या प्रश्नाला वजन येते. हल्ली बांधावर, रुळाकडेला, रिकाम्या प्लॉटवर तणनाशक मारतात. त्यातले ग्लायफोसेट हे सर्रास वापरले जाणारे औषध नेहमीच्या मात्रेत केन्याला फारसे बाधत नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात २००० सालाच्या सुमारास कापसाच्या शेतांत केन्याने थैमान घातले ते याच कारणाने. बाकी तण मेले, हा उरला. याचा अर्थ आपल्या गृहिणींनी नीट समजून घ्यावा. आजूबाजूचे गवत भर पावसात पिवळे पडून वाळले आहे आणि मध्ये केना हिरवागार आहे, असे दिसले तर ती जागा फवारलेली समजावी. तिथला केना ताजातवाना दिसतो म्हणून तो खुडू नये.

नाल्याकाठचे तसेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या औद्योगिक वसाहतींची पाहणी केली, तेव्हा प्रदूषणाच्या निर्देशांकात तारापूरचा क्रमांक देशात पहिला आला, निर्देशांक ९३.६९. ही हवा, पाणी, जमीन यांची एकत्रित गुणपत्रिका होय. आता केन्याला ओल लागते, आणि उन्हाळ्याच्या तोंडीही ओल कुठे टिकते? सांडपाण्याच्या गटाराकाठी. म्हणूनच तिथला केना सर्वांत लुसलुशीत, सर्वांत मोठ्या पानांचा असतो. केन्याची जी भावंड-जात चीनमध्ये वाढते, ती तांब्याच्या खाणींच्या ढिगाऱ्यांवर खुशाल उगवते आणि तांबे अंगात साठवते. वनस्पती टवटवीत आहे याचा अर्थ जमीन स्वच्छ आहे असा होत नाही. मिठाच्या पाण्यात तीनदा धुतली की झाले, असे काही भगिनी म्हणतात. धुण्याने पानावरची धूळ जाते. मुळांनी ओढून पेशींत साठवलेले जात नाही. शिजवण्यानेही धातू उडून जात नाहीत.

तेव्हा कारखान्याच्या भिंतीलगतचा, सांडपाण्याच्या नाल्याकाठचा, राख किंवा गाळ टाकलेल्या भरावावरचा आणि हमरस्त्याच्या कडेचा केना, कितीही फुकट असला तरी, सोडून द्यावा. भाताच्या खाचराचा केना घ्यायचा तर शेताच्या मालकाला दोन गोष्टी विचाराव्यात, यंदा काय मारले आणि कधी. डोंगराकडच्या पाड्यांतून येणारा केना बरा. विकणाऱ्या बाईला कुठून आणला ते विचारावे. ती हसून सांगते. भावात मात्र घासाघीस करू नये. पहाटे चार मैल चाललेली असते ती.

तारापूर म्हटले की अणुवीज केंद्राचा विषय निघतोच. १९६९ पासून ते चालू आहे आणि त्याभोवती नाना वदंता आहेत. निळ्या फुलाचा रंग गुलाबी झाला तर हवेत किरणे आहेत, अशीही एक आहे. ती सर्वस्वी खोटी नाही, पण ती केन्याची नव्हे. केन्याच्या कुळात ट्रॅडेस्कॅन्शिया नावाची अमेरिकन वनस्पती आहे. तिचीच जांभळ्या पानांची एक बहीण आपल्या चाळीत डालड्याच्या डब्यात लावलेली असते. त्या वनस्पतीच्या एका खास संकरित वाणात पुंकेसरावरच्या निळ्या केसांच्या पेशी किरणोत्साराने गुलाबी होतात. अमेरिकेच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत यावर मोठे काम झाले आणि जपानमध्ये अणुकेंद्रांभोवती ही रोपे लावून पाहिली गेली. पण त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली हजारो केस मोजावे लागतात, आणि काही रसायनांनीही पेशी तशाच गुलाबी होतात. डब्यातले फूल गुलाबी दिसले म्हणून घाबरू नये, आणि निळे दिसले म्हणून निश्चिंतही होऊ नये. मोजायचे काम यंत्राचे. ते आकडे मागण्याचा हक्क मात्र आपला आहे.

आता चुलीपाशी येऊ. फुलाआधीचे कोवळे शेंडे आणि पाने घ्यावीत. जून खोड चिवट लागते. धुऊन, बारीक चिरून, तेलात लसूण, हिरवी मिरची आणि कांदा परतून त्यात टाकावा. भिजवलेली मूगडाळ घातली तर भाजी वाढते. वरून बेसन पेरले तर झुणक्यासारखी होते आणि मुले कुरकुर न करता खातात. मोठी पाने बेसनात बुडवून तळली की भजी. मीठ शेवटी घालावे, कारण भाजी निम्म्याहून कमी होते आणि आधीचा अंदाज खारट निघतो.

ज्यांना मुलांना घेऊन प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांनी ऑगस्टच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी नवाच्या आत निघावे. रात्रपाळी करून दुपारी उठणाऱ्याला केन्याचे फूल दिसत नाही. एक जुने वर्तमानपत्र बरोबर ठेवावे. खिशासकट फांदी त्यात दाबून आठवडाभर उशाखाली ठेवली तर पान आणि खिसा टिकतो, निळा रंग मात्र उडतो. म्हणून रंग आधीच वहीत लिहून घ्यावा, शेजारी जागा लिहावी: बांध, पुळण, नाला की डोंगर. दिवाळीनंतर वेली करपतात. पुढच्या पावसापर्यंत ती वही कामाला येते.