घोडीचंही वजन विचारा

मैत्रिणींनो, आपला गोंदिया हा धानाचा जिल्हा. इथं पोतं काट्यावर चढल्याशिवाय व्यवहार होत नाही. पण वरातीत नवरदेवाला पाठीवर घेऊन बँडच्या गोंगाटात उभ्या राहणाऱ्या घोडीचं वजन कधी कुणी विचारलंय?

आमच्या बचत गटातल्या एका ताईंकडे अशी घोडी आहे. "तिला काट्यावर कुठं नेऊ?" असं त्या म्हणाल्या. मी पशुवैद्यांकडून समजून घेतलेली रीत त्यांना सांगितली. शिवणकामाचा टेप आणि सुतळी पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्यायचा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजायची. मापं सेंटिमीटरमध्ये. घेराला घेरानं गुणायचं, मग लांबीनं गुणायचं आणि ११,८८० नं भागायचं. झालं अंदाजे वजन, किलोत!

त्यांच्या घोडीचा घेर १५० आणि लांबी १३० भरली. वजन आलं सुमारे २४६ किलो. खोगिरासकट ओझं घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावं, असं जाणकार सांगतात. म्हणजे जेमतेम ४९ किलो. आणि आपला नवरदेव सत्तरचा, वर पुढ्यात भाचाही!

ताई आता दर पंधरा दिवसांनी मोजून वहीत लिहितात. आकडा घसरला, तर दात दुखतात का, जंत झालेत का, चारा कमी पडतो का, हे दवाखान्यात दाखवून घ्यायचं. आपला हातही सांगतो. फासळ्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हात फिरवला की बोटांना लागाव्यात.

आणखी एक. पंगतीत उरलेला भात, पुऱ्या प्रेमानं तिच्यापुढे टाकू नका. घोड्याला उलटी होत नाही. पोटात कळ उठली, तर जिवावर बेतते. त्यापेक्षा सावली आणि बादलीभर पाणी द्या.

ताईंची अडचण खरी आहे. "जाड नवरदेव नको म्हटलं, तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. घोडी बसली, तर घरच बसतं." म्हणून हे बोलायचं आपण, वरमायांनी. ठरलेले पैसे पूर्ण द्या, पण वरात ऊन उतरल्यावर काढा. नवरदेव मांडवाजवळच्या चार पावलांपुरताच आणि एकटाच बसू द्या. तोही भारी असेल, तर घोडी नुसती सजून पुढे चालू द्या. शोभा कमी होत नाही.