आपला गेमिंग पीसी आपणच जुळवू – भाग ६ : एसएमपीएसमध्ये काटकसर नको

गेल्या भागात ग्राफिक्स कार्ड ठरलं, त्याआधी प्रोसेसर आणि मदरबोर्ड. बजेटचा मोठा वाटा तिथेच संपतो आणि एसएमपीएस यादीच्या तळाशी उरतो. लॅमिंग्टन रोडवर कोटेशन मागून बघा. कार्डाचं मॉडेल अक्षरन् अक्षर लिहिलेलं असतं; एसएमपीएसच्या ओळीत मात्र पुष्कळदा नुसतं ‘५०० वॉट’ किंवा ‘कॅबिनेटसोबत’ एवढंच असतं. माझं मत उलटं आहे. प्रोसेसर एक पायरी खालचा घेतलात तर गेम थोडा हळू चालेल, एवढंच. एसएमपीएस वाईट निघाला, तर बाकीच्या सगळ्या महागड्या भागांच्या जिवावर बेतू शकतं, कारण त्यांतल्या प्रत्येकाला वीज याच डब्यातून मिळते.

प्लगमधून येतो २३० व्होल्टचा एसी प्रवाह. पीसीला हवा असतो १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा डीसी. इंटेलने १९९५मध्ये आणलेल्या एटीएक्स मानकाची रचना आजही चालते. या मानकाप्रमाणे १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आतच राहिली पाहिजे आणि तिच्यावरचा तरंग १२० मिलिव्होल्टच्या वर जाता कामा नये. मदरबोर्ड आणि कार्ड हेच १२ व्होल्ट आणखी उतरवून चिपला साधारण एक व्होल्टवर आणतात. मूळ पुरवठाच डळमळीत असेल तर त्यांच्यावरचा ताण वाढतो. मग गेममध्ये गर्दीचा प्रसंग आला की पीसी आपोआप रीस्टार्ट होतो. घरातला माणूस विंडोज पुन्हा टाकतो, रॅम बदलून बघतो, कार्ड वॉरंटीत पाठवतो, आणि डबा तसाच राहतो.

आधी वॉटचा हिशोब करू. आपण धरलेला रायझन ५ ७६०० भरात आला की ८८ वॉटपर्यंत जातो. आरटीएक्स ४०६० कार्डाचं रेटिंग ११५ वॉट. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून ५०-६० वॉट. बेरीज २६०च्या आसपास. एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते, आणि चांगल्या दर्जाचा असेल तर तो पुरून उरतो. ८५० वॉटचा घ्यायचा आग्रह कुणी केला, तर तो फरक एसएसडीत घाला. पुढे २५० वॉटचं आरटीएक्स ५०७० बसवायचा विचार पक्का असेल, तर आत्ताच ६५० घ्या.

आता डब्यावरचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरातला आकडा सोडून द्या आणि खालच्या तक्त्यात ‘१२ व्ही’ लिहिलेला रकाना शोधा. तिथले अँपिअर गुणिले १२, हे खरे कामाचे वॉट. प्रोसेसर आणि कार्ड, दोघंही मुख्यतः याच लाइनवर जगतात. चांगल्या ५५० वॉटच्या डब्यावर इथे ४५ अँपिअर दिसतात, म्हणजे ५४० वॉट. बाहेर ५०० लिहून आत २५ अँपिअर असतील, तर तुमच्या हाती ३०० वॉटच आले. कॅबिनेटसोबत येणाऱ्या डब्यांवर हा रकाना जरूर बघा. तक्ताच छापलेला नसेल तर तो डबा घेऊ नका.

दुसरी खूण ‘८० प्लस’ची. हे प्रमाणपत्र २००४मध्ये सुरू झालं. प्लगमधून घेतलेल्या विजेपैकी किती टक्के पीसीपर्यंत पोचते, एवढंच ते सांगतं. अमेरिकेतल्या ११५ व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या भारावर ब्राँझला ८५ टक्के आणि गोल्डला ९० टक्के गाठावे लागतात. आपल्या २३० व्होल्टवर आकडे थोडे वर सरकतात, पण हिशोबाला हेच धरू. पीसी ३०० वॉट घेत असेल तर ब्राँझ प्लगमधून ३५३ वॉट ओढेल आणि गोल्ड ३३३. रोज चार तास गेम खेळलात तर वर्षाला २९ युनिटांचा फरक पडतो. युनिटला १० रुपये धरले तरी तीनशे रुपयेसुद्धा होत नाहीत. तेव्हा विजेच्या बिलासाठी गोल्ड घ्या, हा सल्ला मी देणार नाही. गोल्ड डब्यांची आतली बांधणी बहुतेक वेळा बरी असते, म्हणून घ्यायचा.

‘बहुतेक वेळा’ म्हटलं, त्याला कारण आहे. २०२१मध्ये गिगाबाइटचे पी७५०जीएम आणि पी८५०जीएम हे दोन एसएमपीएस चाचण्यांमध्ये जादा भाराखाली फुटल्याचं जगभर गाजलं. दोन्हींवर गोल्डचा शिक्का होता. त्या ऑगस्टमध्ये कंपनीने निवेदन काढलं, जादा भाराला वीज तोडण्याची मर्यादा १२०-१५० टक्क्यांवरून ११०-१२० टक्क्यांवर आणल्याचं सांगितलं आणि ठरावीक सीरियल क्रमांकांचे डबे बदलून देऊ केले. संरक्षण सर्किट चोख चालतं का, तरंग किती आहे, हे ८० प्लस तपासतच नाही. कंपनीच्या नावावरूनही पुरता अंदाज येत नाही. सीसॉनिक स्वतः एसएमपीएस बनवते आणि इतर ब्रँडांनाही बनवून देते. कोर्सेअर आपले डबे सीडब्ल्यूटी, ग्रेट वॉल अशा कारखान्यांकडून करून घेते. एकाच ब्रँडच्या दोन मालिकांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, म्हणून नेमक्या मॉडेलची चाचणी वाचा. तेवढा वेळ नसेल तर वॉरंटी बघा. पाच, सात, दहा वर्षांची वॉरंटी कंपनी उगाच देत नाही.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही विचार हवा. ८० प्लसची चाचणी साधारण २३ अंशांच्या खोलीत होते. मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूर इथे पारा ४५ अंशांना टेकतो, आणि कॅबिनेटच्या आत त्याहूनही जास्त गरम असतं. एसएमपीएसमधले कपॅसिटर उष्णतेनेच म्हातारे होतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा ढोबळ नियम आहे. म्हणून ८५ अंशांऐवजी १०५ अंशांचे कपॅसिटर असलेला डबा घ्या. पूर्ण वॉट ४० अंशांना मिळतात की ५० अंशांना, हेही माहितीपत्रकात बघा. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी ५० अंशांचा आग्रह धरावा, त्यासाठी चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

कार्डाची भूकही एकसारखी नसते. सरासरी ११५ वॉट असली तरी क्षणभर ती बरीच उसळते. २०२२च्या एटीएक्स ३.० मानकात, नव्या १६ पिनांच्या जोडणीच्या डब्यांना १०० मायक्रोसेकंद रेटिंगच्या दुप्पट भार सोसण्याची अट आली ती याच उसळ्यांमुळे. ४०६०साठी या मानकाचा हट्ट नको. मोठं कार्ड घेणाऱ्यांनी मात्र धरावा, आणि १६ पिनांचा प्लग शेवटपर्यंत बसला आहे ना, हे डोळ्यांनी तपासावं. आरटीएक्स ४०९०चे प्लग वितळल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा अर्धवट बसलेला प्लग हे एक मोठं कारण निघालं होतं.

आता लाइट जाण्याबद्दल. इतर देशांतल्या लेखांत हा विषय फारसा येत नाही, आणि आपल्याला सगळ्यात जास्त त्याचीच गरज. प्लगमधली वीज तुटली तरी एसएमपीएस आतल्या मोठ्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर काही क्षण पीसी जिवंत ठेवतो. पूर्ण भारावर हा वेळ चांगल्या डब्यात १६-१७ मिलिसेकंदांच्या घरात असतो. अर्ध्या भारावर तोच साठा जवळपास दुप्पट पुरतो. म्हणजे ५५० वॉटचा डबा २६० वॉटवर चालवला, तर इन्व्हर्टर चालू होईपर्यंत पीसी तग धरण्याची शक्यता वाढते. स्वस्त डब्यात पैसे वाचवायला हाच कपॅसिटर छोटा घालतात. पंखे-दिवे इन्व्हर्टरवर बंदही पडत नाहीत, पण पीसी मात्र दर वेळी रीस्टार्ट होतो, असं घरी होत असेल तर आधी इन्व्हर्टरच्या मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर आहे का बघा. साध्या मोडमध्ये तो वीज बदलायला जास्त वेळ घेतो.

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच हवा. आजच्या चांगल्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असतं. जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर त्याचं बिनसतं. डबा गुणगुणतो, कधी सरळ बंद पडतो. वेगळा यूपीएस घेणार असाल तर ‘६०० व्हीए’ म्हणजे ६०० वॉट असं समजू नका. बाजारातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. आपल्या २६० वॉटमध्ये मॉनिटर मिळवला की तो काठावर येतो. मी १००० व्हीएचा सुचवेन.

जुन्या वाड्यांत, चाळींत, पुष्कळ भाड्याच्या खोल्यांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे तार नसते. एसएमपीएसमध्ये गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रलपासून अर्थिंगकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटचा पत्रा मेन्सच्या निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण हात लावला की झिणझिण्या येतात. ‘जरा शॉक मारतो, चालायचंच’ म्हणून लोक वर्षानुवर्षं वापरतात. तसं करू नका. टीव्हीची एचडीएमआय वायर जोडताना याच व्होल्टेजने पोर्ट जळू शकतो. शिवाय आत काही बिघडून फेज थेट पत्र्याला लागली, तर ती झिणझिणी राहणार नाही, माणसाच्या जिवाशी गाठ पडेल. पीसी आणण्याआधी वायरमनला बोलावून त्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. तिसरी पिन तोडू नका, दोन पिनांचा जोड लावू नका. घरमालक ऐकत नसेल तर त्याला हा परिच्छेद दाखवा.

शेवटची गोष्ट बसवतानाची. मॉड्युलर एसएमपीएसच्या सुट्या केबलींचं पीसीकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, डब्याकडच्या टोकाला मात्र कोणतंही सामाईक मानक नाही. जुन्या डब्याची साटा केबल नव्यात अगदी नीट बसते, आणि पाच व्होल्टच्या जागी बारा जाऊन हार्ड डिस्क तिथल्या तिथे जळते. फोटो, कागदपत्रं, सगळं त्यातच. जुना डबा काढलात की त्याच्या केबलीही त्याच्याच खोक्यात बांधून ठेवा.

पुढच्या आठवड्यात कॅबिनेट : पंखे कुठे लावायचे, हवा कुठून घ्यायची आणि धुळीचं काय करायचं.