शून्यांच्या मोजणीतून सापडलेल्या पुड्या

चेतेचा निरोप स्नायूला पोचायचा तर मधली 50 नॅनोमीटरची फट ओलांडावी लागते. हे काम ऍसिटिलकोलिन हे रसायन करतं. पण ते सुटतं कसं, सलग धारेनं की ठरावीक मापाच्या पुड्यांतून?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात पॉल फॅट आणि बर्नार्ड कॅट्झ यांनी 1952 मध्ये बेडकाच्या स्नायूतली एक नोंद प्रसिद्ध केली. चेतेला कुणी डिवचलेलं नसतानाही तिथे अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपासचे झटके उमटत होते. 1954 मध्ये होजे देल कास्तिलो आणि कॅट्झ यांनी कॅल्शियम घटवून आणि मॅग्नेशियम वाढवून चेतेचा जोर मुद्दाम कमी केला. आता डिवचल्यावर कधी एका झटक्याएवढा प्रतिसाद, कधी दोन-तीन झटक्यांएवढा, तर कधी काहीच नाही. एक झटका म्हणजे एक पुडी धरली, आणि पुड्या पुष्कळ पण प्रत्येक सुटण्याची शक्यता थोडी असेल, तर संभाव्यतेतलं पॉयसॉनचं सूत्र ‘काहीच नाही’ किती वेळा येईल हेही सांगतं.

बॉइड आणि मार्टिन यांनी 1956 मध्ये मांजराच्या स्नायूवर हे पडताळलं. सुटा झटका सरासरी 0.4 मिलिव्होल्टचा, डिवचल्यावरचा प्रतिसाद सरासरी 0.933 चा, म्हणजे दर खेपेला सरासरी 2.33 पुड्या. यावरून 198 खेपांपैकी 19 रिकाम्या जायला हव्या होत्या. प्रत्यक्षात 18 गेल्या! हा आकडा कितीही वेळा वाचला तरी मला थक्क करतो. रिकाम्या खेपा फेकून न देता मोजल्या, म्हणून पुडीची कल्पना पक्की झाली.

पुडी सुटल्यावर फटीतला पुढचा प्रवास विसरणाचा, म्हणजे रेणूंच्या आपोआप पसरण्याचा. त्यात अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो. मेंदूतली 20 नॅनोमीटरची फट तिथलं निरोप नेणारं रसायन ग्लुटामेट एका मायक्रोसेकंदाच्या आसपास ओलांडतं. त्याच हिशेबाने एका मिलिमीटरला अर्धा ते पाऊण तास लागेल. फट इतकी अरुंद का, याचं उत्तर अंतराच्या या वर्गात आहे. आज एमसेलसारख्या संगणकप्रणाली एकेका रेणूची भटकंती मांडतात.

पुड्यांचा हिशेब आजार समजून घ्यायलाही लागला. मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात स्नायू लवकर थकतात. या रुग्णांमध्ये सुटा झटकाच लहान असतो. आधी वाटलं, पुड्यांतच माल कमी आहे. 1973 मध्ये कळलं की पुड्या ठीक आहेत, स्नायूवरचे ऍसिटिलकोलिन टिपणारे ग्राही घटले आहेत.