पाकीट उलटून पाहा

नामदेवांची ती गोष्ट मराठी घरात कुणाला नव्याने सांगावी लागत नाही. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, का तर बिचाऱ्याने भाकरी कोरडी खाऊ नये. कीर्तनात ही गोष्ट आली की मंडळी आधी हसतात आणि मग हळूच डोळे पुसतात. सर्वांभूती परमेश्वर पाहावा, यासाठी ती सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. पण तिच्यात एक साधा प्रापंचिक शहाणपणाही आहे. कुत्र्याचे पोट भरणे वेगळे आणि त्याला नीट खाऊ घालणे वेगळे.

बीड जिल्ह्यातले श्रीक्षेत्र नारायणगड हे वारकऱ्यांचे ठिकाण. नगद नारायण महाराजांच्या या गडाला भाविक धाकटी पंढरी म्हणतात. आषाढीला ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही, ते इथे येऊन माथा टेकतात. या भागात माळकरी घरे पुष्कळ. घरात मांसाहार नाही, एकादशीला भाकरी नाही. पण दारात कुत्रे आहेच. जर्मनच्या ताटलीत बाजरीची भाकरी कुस्करायची, वर ताक किंवा उरलेले कालवण ओतायचे आणि हाक मारायची, ही इथल्या पिढ्यानुपिढ्यांची रीत.

या रीतीवर आमच्या कुत्र्यांच्या कितीतरी पिढ्या जगल्या, मग आताच ही पाकिटे कशाला, असे जुनी माणसे विचारतात. प्रश्न रास्त आहे. कुत्र्याला भाकरी पचतच नाही, असे कुणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. माणसाच्या सोबतीने राहता राहता कुत्र्याच्या शरीरात पिष्टमय अन्न पचवण्याची क्षमता लांडग्यापेक्षा पुष्कळ वाढली, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासातून दिसून आले. मात्र जुन्या माणसांच्या हिशेबातली एक रक्कम नजरेआड होते. ते गावठी कुत्रे मोकळे होते. भाकरी खाऊन ते शिवारात जाई. तिथे उंदीर, घूस, मेलेले जनावर, जे मिळेल ते खाई. भाकरी हा त्याच्या जेवणाचा एक भाग होता. बाकीचे ते स्वतः मिळवत होते आणि त्याची नोंद आपल्या वहीत कधीच झाली नाही.

आता चित्र पालटले आहे. लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्ड पुण्या-मुंबईच्या बंगल्यांतून निघून तालुक्याच्या गावी आणि तिथून वस्तीवर पोहोचले आहेत. हे कुत्रे साखळीला बांधलेले असते किंवा कुंपणाच्या आत असते. ताटलीत जे पडेल तेवढेच त्याचे जग. निव्वळ भाकरी-ताकावर त्याला प्रथिने पुरत नाहीत, कॅल्शियमचे गणित बिघडते. म्हणून पाकीट आले. आणि पाकीट आले म्हणजे आपण त्या जिवाचा सगळा आहार, आज, उद्या आणि परवाही, एका अनोळखी कारखान्याच्या स्वाधीन केला. माणूस सकाळी पोहे आणि रात्री पिठले खातो. एखादा पदार्थ निकस असला तर दुसरा भरपाई करतो. पाकिटावरच्या कुत्र्याला ही सोय नाही.

मग या पाकिटाची तपासणी कोण करतो? आपल्याकडे २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आहे, पण त्यातल्या ‘अन्न’ या शब्दाच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेले आहे. बिस्किटाच्या पुड्यावर जी नजर असते, ती कुत्र्याच्या खाद्यावर त्या कायद्याने नाही. भारतीय मानक ब्युरोने कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी आयएस ११९६८ हे मानक तयार केले आहे. परंतु हा शिक्का नसलेली पाकिटेही दुकानात सर्रास विकली जातात. वजनमापाच्या नियमांमुळे पाकिटावर उत्पादकाचे वा आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, तारीख, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावाच लागतो. तेव्हा निरीक्षकाचे बरेचसे काम गिऱ्हाइकाच्याच गळ्यात पडते.

हे काम हलके नाही. पहिला धोका बुरशीचा. मका, भुईमूग यांसारख्या मालाला ओल लागली की त्यावर एक बुरशी वाढते आणि तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृतावर घाला घालते. शिजवल्याने ते पुरते नाहीसे होत नाही. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागात बुरशी लागलेला मका खाऊन आदिवासी कुटुंबांत काविळीची साथ आली; शंभरावर माणसे दगावली. त्या घरांतले अन्न खाणारी कुत्रीही तशाच दुखण्याने आजारी पडली. आपल्याकडे भिजलेले धान्य दिसले की ‘जाऊ दे, कुत्र्याला घाला’ म्हणण्याची सवय आहे. ती सोडलेली बरी. मोठ्या कारखान्यांतूनही हे विष निसटते. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत एका कंपनीचे खाद्य याच कारणाने बाजारातून परत घ्यावे लागले आणि ११० हून अधिक कुत्री मेल्याच्या नोंदी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे झाल्या.

दुसरा धोका लबाडीचा. मार्च २००७ मध्ये अमेरिका-कॅनडात कुत्री-मांजरे मूत्रपिंडे निकामी होऊन मरू लागली. शोध घेतल्यावर कळले, की चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळले होते. मेलामाइन हे प्लास्टिकच्या उद्योगातले रसायन. प्रयोगशाळेत प्रथिने मोजताना प्रत्यक्षात नायट्रोजन मोजतात आणि त्यावरून प्रथिनांचा अंदाज बांधतात. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर, त्यामुळे कागदावर प्रथिने फुगली. माझी सारी नोकरी बँकेत गेली. खोटा दागिना तारण ठेवून खरे कर्ज उचलण्याचा प्रकार असतो, त्याच जातीचे हे प्रकरण. फरक इतकाच, की इथे वसुली मुक्या जनावराच्या मूत्रपिंडातून झाली. सहा कोटींहून अधिक डबे आणि पाकिटे परत घ्यावी लागली.

हे वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही. लाखो कुत्री पाकिटावर सुखाने जगत आहेत. घाबरण्यापेक्षा पाकीट हातात घ्यावे आणि उलटून पाहावे. पुढच्या बाजूला चकचकीत कुत्रे आणि कोंबडीची तंगडी असते, ती जाहिरात. मागच्या बाजूला बारीक अक्षरात जे असते, तो ताळेबंद.

सर्वांत आधी एक वाक्य शोधावे : हे खाद्य ‘संपूर्ण व संतुलित’ आहे की ‘पूरक’? पूरक म्हणजे खाऊ. त्यावर कुत्र्याचा संसार चालत नाही. संपूर्ण असेल तर कोणत्या वयासाठी आणि कोणत्या मानकाप्रमाणे, हेही लिहिलेले असावे. पुष्कळ पाकिटांवर ‘आफको’ हे नाव दिसेल. ही अमेरिकेतल्या पशुखाद्य अधिकाऱ्यांची संघटना. ती कोणत्याही पाकिटाला मंजुरी देत नाही, फक्त पोषणाची किमान पातळी ठरवून देते. ओलावा वगळून मोजलेल्या खाद्यात प्रौढ कुत्र्यासाठी किमान १८ टक्के प्रथिने आणि साडेपाच टक्के स्निग्धांश. पिल्लांसाठी व गाभण वा पाजत्या कुत्रीसाठी साडेबावीस आणि साडेआठ. बँकेच्या भाषेत ही किमान शिल्लक. तिच्याखाली खाते जाऊ नये.

‘ओलावा वगळून’ हे शब्द मात्र विसरू नयेत. कोरड्या खाद्यावर प्रथिने २२ टक्के आणि डब्यातल्या ओल्या खाद्यावर ८ टक्के लिहिलेले पाहून कुणीही कोरडे उचलेल. पण कोरड्यात पाणी १० टक्के, म्हणजे उरलेल्या ९० भागांत २२ प्रथिने, साधारण साडेचोवीस टक्के. ओल्यात पाणी ८० टक्के, म्हणजे उरलेल्या २० भागांत ८, सरळ ४० टक्के. प्रथिनांचा आकडा, भागिले शंभर वजा ओलावा, गुणिले शंभर. सातवीतल्या मुलाला जमेल असा हिशेब आहे. रविवारी घरातल्या मुलांनाच तो करायला बसवावे.

मग घटकांची यादी. चांगला उत्पादक ती वजनाच्या उतरत्या क्रमाने देतो. प्राणिज वा वनस्पतिज प्रथिनाचे स्पष्ट नाव पहिल्या काही जागांवर दिसावे. ‘चिकन’ आणि ‘चिकन फ्लेवर’ यांत कोंबडी आणि कोंबडीचा वास एवढे अंतर असते. धान्य नसलेले खाद्य म्हणजे आपोआप उत्तम, हाही एक समज आहे. अशा खाद्यांचा हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेत २०१८ साली सुरू झाली. कार्यकारण सिद्ध झाले नाही, पण जास्तीची किंमत मोजावी असा फायदाही दिसला नाही.

आता माळकरी घराचा अवघड प्रश्न. गळ्यात तुळशीची माळ आणि हातात कोंबडीचे पाकीट, हे अनेकांच्या मनाला रुचत नाही. त्यांच्या संकोचाला हसण्याचे कारण नाही. मांजराला मांसातून मिळणारे काही घटक लागतातच. कुत्र्याचे तसे नाही. नीट बेतलेल्या शाकाहारी आहारावर निरोगी प्रौढ कुत्रे राहू शकते आणि तशी पाकिटे आपल्या बाजारात मिळतात. पण ‘नीट बेतलेल्या’ या शब्दांवर सारा भार आहे. डाळी-सोयाबीनच्या जोडीला मेथिओनिन, बी १२, ड जीवनसत्त्व वरून घातलेले आहे का, तेही ‘संपूर्ण’ म्हणून, हे पाहावे. टॉरिनही असले तर उत्तमच. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लासाठी मात्र पशुवैद्याला विचारल्याशिवाय हा निर्णय घेऊ नये. काही घरे मधला मार्ग काढतात : कुत्र्याचे खाद्य आणि ताटली अंगणात, स्वयंपाकघराबाहेर. धर्म मोडत नाही आणि जनावराचेही भागते.

पाकीट पूर्ण असेल तर त्यावर प्रेमाची भर घालू नये. मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियमचे टॉनिक पाजण्याची हौस खेड्यापाड्यांत फार आहे. संतुलित खाद्यावर ते पडले की हाडे बळकट होण्याऐवजी सांध्यांची वाढ बिघडते. जीवनसत्त्वांचेही तसेच. जानेवारी २०१९ मध्ये हिल्ससारख्या नामांकित कंपनीला ड जीवनसत्त्व जास्त पडल्यामुळे डबाबंद खाद्य परत मागवावे लागले. कांदा-लसणाचे कालवण, चॉकलेट, द्राक्षे-बेदाणे कुत्र्याला देऊ नयेत. म्हशीची सरकी पेंडही त्याच्या तोंडी लागू देऊ नये. तिच्यातले गॉसिपॉल म्हशीला सोसते, कुत्र्याला सोसत नाही.

किंमत पाहताना किलोचा भाव पाहू नये, दिवसाचा खर्च पाहावा. समजा, २०० रुपये किलोचे खाद्य दिवसाला ३०० ग्रॅम लागते आणि २५० रुपये किलोचे २२० ग्रॅम पुरते. पहिले रोज ६० रुपयांना पडले, दुसरे ५५ रुपयांना. मात्रा पाकिटावर दिलेली असते. सर्वांत महाग पाकीट सर्वांत चांगले असते असे नाही आणि खिशाला जड होणारे पाकीट दोन महिन्यांनी बंद करण्यापेक्षा मध्यम प्रतीचे वर्षभर चालू ठेवणे चांगले.

एक गोष्ट मात्र स्वस्त म्हणून घेऊ नये : मोठ्या पोत्यातून काढून साध्या पिशवीत भरलेले सुटे खाद्य. त्याला तारीख नाही, बॅच नंबर नाही, उत्पादकाचा पत्ता नाही. उघड्या पोत्यातली चरबी खवट होते आणि पावसाळ्यात दाणे ओल धरतात. घरीही तीच काळजी. बीडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली काय भट्टी पेटते, ते आपण जाणतो. खाद्य मूळ पिशवीतच ठेवून ती पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवावी. महिना-सव्वा महिन्यात संपेल एवढेच आणावे. नवे खाद्य सुरू करताना आठवडाभर जुन्यात थोडे थोडे मिसळत जावे.

कुत्र्याने नेहमीचे खाद्य एकाएकी नाकारले, उलट्या सुरू झाल्या, डोळे किंवा हिरड्या पिवळ्या दिसल्या, तर लाड म्हणून दुसरे काही पुढे करू नये. ते खाद्य थांबवावे आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. दुखणे वाढले तर परभणी आणि उदगीर इथली पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. पिशवी, पावती आणि मूठभर खाद्य जपून ठेवावे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ क्रमांकावर आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ग्राहक आयोग. बॅच नंबर असेल तरच आपले म्हणणे टिकते. शिवाय त्यामुळे त्याच मालावर जगणारे दुसऱ्या गावातले कुत्रेही वाचू शकते.

माणूस आमटी बिघडली तर ताट सरकवतो, दोन शब्द सुनावतो. कुत्रे बहुधा तसे करत नाही. आपण वाढले म्हणजे ते चांगलेच असणार, अशा समजुतीने शेपूट हलवत ते ताटली चाटून पुसून ठेवते. म्हणून पुढच्या वेळी दुकानात गेलात, की दुकानदार पैसे मोजेपर्यंत दोन मिनिटे उजेडाला उभे राहून ती बारीक अक्षरे वाचा. चष्मा विसरला असेल तर मुलाला वाचायला सांगा.