सेमिस्टरची सुट्टी आणि मायणीचा तलाव

परवा विट्याच्या एसटी स्टँडवर बी.एस्सी.ला असलेला शेजारचा मुलगा भेटला. म्हणाला, "दादा, परीक्षा संपली. आता सुट्टीत करू काय?"

मी म्हटलं, "मायणीला चल, पक्षी बघायला."

विट्याच्या उत्तरेला, सातारा जिल्ह्याच्या हद्दीत मायणीचा तलाव आहे. 2021 मध्ये मायणी, येरळवाडी आणि आसपासच्या पाणथळ जागांना पक्षी संवर्धन राखीवाचा दर्जा मिळाला. आपली हिवाळी सुट्टी पडते, तेव्हाच उत्तरेकडून पाहुणे पक्षी येऊ लागतात.

त्यांतलं थापट्या बदक नीट बघा. चोच पुढे रुंद, चमच्यासारखी. ती पाण्यात बुडवून ते पुढे सरकतं. चोचीच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दात असतात. त्यातून पाणी निसटतं, खाणं आत राहतं.

सुरुवात कशी करायची?

🔹 सकाळी लवकर जा, मळकट रंगाचे कपडे घाला.

🔹 8x42 ची दुर्बीण पुरते. 8 म्हणजे आठपट मोठं, 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. मित्रांत मिळून एक घ्या.

🔹 वहीत तारीख, वेळ, जागा, पक्षी आणि संख्या लिहा. ओळख पटली नाही तर रंग, चोच, पाय टिपा.

🔹 ओळखायला 'मर्लिन' आणि नोंदींसाठी 'ई-बर्ड' ही ॲप्स फुकट आहेत. ई-बर्डवरच्या नोंदी जगभरचे अभ्यासक वापरतात.

पक्ष्यांच्या फार जवळ जाऊ नका, खाऊ घालू नका.

निरीक्षणाची सवय लागली की प्रॅक्टिकललाही उपयोग होतो, हे मी स्वतः अनुभवलंय.

काही विचारायचं असेल तर खाली बिनधास्त विचारा. फोटो टाका, मिळून ओळखू!